संदेष्टा जिच्या तोंडून बोलला

नासिलेले मोंगू शहराच्या कोर्टात दुभाषी होती, तेव्हापासून मी तिला ओळखते. आमची घरं एकाच उतारावर. वर शहर, खाली पुराचं मैदान आणि मधे घोट्यापर्यंत पाय रुतणारी वाळू. रोज सकाळी ती बूट हातात घेऊन वर चढायची, कोर्टाच्या पायरीवर बसून पाय झटकायची, बूट घालायची आणि मग आत जायची. आत गेली की ती आमची शेजारीण राहायची नाही.

न्यायाधीश बाहेरच्या प्रांतातून यायचे, त्यांना आमची लोझी भाषा येत नसे. पिंजऱ्यात उभे राहणारे आमचे कोळी नि गुराखी, त्यांना इंग्रजी येत नसे. दोघांच्या मधे ही. आरोपी म्हणाला, "मी गाय चोरली नाही," की हीसुद्धा तसंच, त्याच सुरात इंग्रजीत म्हणायची, मी गाय चोरली नाही. तो रडवेला झाला तर हिचा आवाजही ओला व्हायचा. एकदा मी तिला विचारलं होतं, दिवसभर चोराचिलटांच्या वतीने 'मी, मी' म्हणताना कसंसं नाही का होत? ती माझं नाव घेऊन म्हणाली, "म्वांगाला, माझं तोंड म्हणजे दार. दारातून कोण आलं-गेलं याचा दोष दाराला लागत नाही." मला ते बोलणं फार शहाणपणाचं वाटलं होतं. तिलाही वाटत असणार, कारण पुढे कितीतरी वेळा तिने ते मला ऐकवलं.

तिला मूलबाळ झालं नाही. नवरा होड्या दुरुस्त करायचा, तो छातीच्या दुखण्याने गेला. मागे राहिली ती धाकटी बहीण मोंदे. आई लवकर गेल्यामुळे मोंदेला नासिलेलेनेच वाढवलेलं. मोंदे बंदरावरच्या बाजारात आंबट दूध विकायची. दूध मोजताना एक डाव जास्त घालायची आणि वर म्हणायची, "हा माझ्या हाताचा थरथराट, याचे पैसे नकोत." गिऱ्हाइकं तिच्या दुधाला यायची तशी तिच्या हसण्यालाही यायची. तिचा नवरा एचआयव्हीने गेला आणि तपासणीत कळलं की मोंदेलाही तेच आहे. तेव्हा नासिलेलेने तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू करून दिल्या, आणि रोज सकाळी चहाबरोबर गोळी पोटात गेली की नाही हे आपल्या डोळ्यांनी बघायचा नेम धरला. वर्षानुवर्षं हे चाललं. मोंदे धडधाकट होती. तिची मुलगी सेपिसो शाळा शिकत होती. त्या घराला दृष्ट लागावी असं काही नव्हतं, पण दुःखही नव्हतं.

मग नासिलेले निवृत्त झाली.

माणसाला कशाची भूक असते हे भूक लागल्याशिवाय कळत नाही. नासिलेलेला पैशाची हाव नव्हती, मानाचीही फार नव्हती. पण जन्मभर तिच्या आवाजावर लोकांचे निकाल लागले होते आणि आता दिवसचे दिवस तिच्याशी बोलायला फक्त कोंबड्या होत्या. रविवारी आम्ही विटांच्या जुन्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचो. आमचे पाळक न्दाते लुबिंदा, न्दाते म्हणजे बाबा, म्हातारे, चांगले, पण त्यांचा उपदेश म्हणजे उन्हाळ्यातला कालवा. पाणी आहे, पण वाहतंय की नाही ते समजू नये. आणि ते लोझीत बोलायचे. तिथे दुभाष्याचं काय काम?

अशातच संदेष्टा एफ्राइम आला. तांब्याच्या खाणींकडून आला होता. बंदराजवळच्या फुटबॉलच्या पटांगणावर त्याने मोठा तंबू ठोकला, भोंगे लावले. माणूस देखणा, अंगात पांढरा सूट, आणि त्या वाळूतही बूट चकचकीत. त्याला आमची भाषा येत नव्हती. पहिल्या दिवशी भाषांतराला कुणीतरी कॉलेजातलं पोरगं उभं केलं होतं. संदेष्टा म्हणाला, आज रात्री देवाचा अग्नी उतरेल, तर ते म्हणालं, आज रात्री देव चूल पेटवेल. लोक खदखदा हसले. पुढच्या रांगेत नासिलेले बसली होती. तिला राहवलं नाही. तिने बसल्या जागेवरून ते वाक्य नीट करून सांगितलं, आणि सगळा तंबू गप्प झाला. संदेष्ट्याने तिच्याकडे बघितलं, हात पुढे केला आणि तिला वर घेतलं.

त्या दिवशी काय झालं ते मी पाहिलंय. तो एक पाऊल टाकायचा, ती एक पाऊल टाकायची. तो कुजबुजला की ती कुजबुजायची, तो गरजला की ती गरजायची. त्याचं इंग्रजी तसं साधं होतं, ठोकळेबाज. पण ती त्यात आमच्या पुराचं पाणी ओतायची, आमची गुरं, आमच्या होड्या, आमच्या आज्यांच्या म्हणी. बायका रडल्या. पुरुषसुद्धा रडले. संपल्यावर तो तिला म्हणाला, "मोशेला बोलता येत नव्हतं म्हणून देवाने त्याला अहरोन दिला. तू माझा अहरोन." घरी परतताना नासिलेले वाळूवरून चालत नव्हती, तरंगत होती.

बघता बघता विटांचं देऊळ रिकामं होत गेलं. न्दाते लुबिंदा एकदा तिच्या घरी आले. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. त्यांनी तिला रागावून काही म्हटलं नाही. म्हणाले, "बाई, मी मागे उभा राहून त्याला ऐकलं. येशूचं नाव सुरुवातीला येतं आणि शेवटी येतं. मधे सगळा तोच असतो. तेवढं बघ."

नासिलेले जरा फणकारली. "न्दाते, राग मानू नका, पण तुमच्या उपदेशात लोक झोपतात."

"झोपतात," म्हातारा हसून म्हणाला. "पण उठून जातात तेव्हा जसे आले तसे तरी जातात. त्याच्याकडून माणसं काय होऊन बाहेर पडतात, त्यावर लक्ष ठेव. झाडाची पानं सगळेच बघतात, तू फळं बघ."

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय." मीही हो म्हटलं.

संदेष्टा तिच्याकडे जेवायला यायचा. ती त्याच्यासाठी बंदरावरून ताजे मासे आणायची, मक्याच्या पिठाचा गरमगरम बुहोबे घोटायची. तो आवडीने जेवायचा आणि जेवताना विचारपूस करायचा. ती हिरव्या फडक्याची बाई नेहमी एकटी का बसते? तो लंगडा म्हातारा कोण? नासिलेलेला वाटायचं, किती जीव आहे याला लोकांवर. ती सांगायची, हिची दोन मुलं कालव्यात बुडाली, त्याचं भावाशी भांडण आहे. आणि रविवारी तो डोळे मिटून हात वर करायचा आणि म्हणायचा, देव मला एक हिरवं फडकं दाखवतोय, मला पाणी दिसतंय, पाण्यात दोन लेकरं दिसताहेत. ती बाई किंचाळून खाली पडायची. आणि हे सगळं लोझीत सांगणारी नासिलेलेच.

पहिल्यांदा तिला ते खटकलं होतं. तिने मला हे फार पुढे सांगितलं. जो साक्षीदार बाहेर ऐकलेलं आत येऊन डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, त्याचं कोर्टात काय होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण तिने मनाची समजूत घातली. मी सांगितलं असेल, पण देवानेही दाखवलं असेल. देव माझ्याकडूनही दाखवू शकतोच की. आणि एकदा अशी समजूत घालता आली की दुसऱ्यांदा ती आपोआप पडते.

मग तो टोपलीचा रविवार आला.

त्या दिवशी संदेष्ट्याने आजाऱ्यांना पुढे बोलावलं. एकेकाच्या डोक्यावर तेल लावलं, तुम्ही बरे झालात म्हणून जाहीर केलं. मग त्याच्या माणसांनी एक मोठी वेताची टोपली आणून ठेवली. तो म्हणाला, जो बरा झाल्यावरही औषध घेतो तो देवाला खोटं पाडतो, तुमच्या गोळ्या आणा आणि इथे टाका. इंग्रजीत एवढंच.

नासिलेलेने खाली पाहिलं. रांगेत मोंदे उभी होती, डोक्यावर तेल ओघळत होतं, डोळे मिटलेले. संदेष्ट्याने वळून हिच्याकडे पाहिलं. सगळा तंबू हिच्या तोंडाकडे बघत होता. आणि तिने ते लोझीत सांगितलं. नुसतं सांगितलं नाही. सवयीने, वाक्य लोकांच्या काळजाला भिडावं म्हणून, तिने वर स्वतःची भर घातली: "दोन होड्यांत पाय ठेवून उभा राहतो तो बुडतो."

हे तो म्हणालाच नव्हता. ही आमच्याकडची म्हण होती, हिच्या बापाच्या तोंडची.

पुढच्या रविवारी टोपली भरली. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, साखरेच्या, आकडीच्या. मोंदेने आपली बाटली टाकली तेव्हा तिचा चेहरा नवरीसारखा उजळला होता.

नासिलेलेने दोन-चार दिवस सकाळी चहाच्या वेळी बहिणीकडे चकरा मारल्या. मोंदे हसायची, "आता काय बघायला येतेस? चहा तर मी गिळतेच." आणि खरंच तिला काही होईना. उलट गोळ्यांनी यायची ती मळमळ गेली. तिने तंबूत साक्ष दिली, दवाखान्याची पायरी मी विसरले म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नासिलेलेच्या मनातली उरलीसुरली शंकाही त्या टाळ्यांत विरली.

पूर आला, पूर ओसरला. कालव्यांत मासे अडकायला लागले तेव्हा मोंदेला खोकला सुरू झाला. मग ताप. मग दुधाची कळशी उचलवेना. मी तिला बाजारात पाहिलं तर तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. मी म्हटलं, दवाखान्यात जा बाई. ती म्हणाली, "संदेष्टा म्हणतो ही परीक्षा आहे. आता गेले तर सगळं गेलं."

नासिलेले संदेष्ट्याकडे निरोपावर निरोप पाठवत राहिली, घरी येऊन प्रार्थना करा म्हणून. तो आला नाही. त्याच्या माणसाने सांगितलं की तिला तंबूत आणू नका, पाहणाऱ्यांचा विश्वास डळमळतो, आणायचंच असेल तर मागच्या बाजूने आणा. हे ऐकून नासिलेलेच्या आत काहीतरी तुटलं. ती तशीच उठली आणि तो जिथे उतरला होता त्या विश्रामगृहावर गेली.

तो व्हरांड्यात फळं खात होता. तिने त्याला इंग्रजीत विचारलं, मधे कुणीही दुभाषी नाही, की माझी बहीण मरतेय, तुम्ही तिला गोळ्या सोडायला सांगितलंत, आता काय करू?

त्याने शांतपणे हात पुसले. म्हणाला, "मी असं कधी सांगितलं? मी म्हणालो देवावर भरवसा ठेवा. तू लोझीत काय सांगितलंस ते मला काय माहीत? मला तुमची भाषा येत नाही."

ती मला म्हणायची, त्या क्षणी त्याला शिव्या द्याव्यात असं वाटलंच नाही. त्याच्या बोलण्यात थोडं खरंही होतं. होड्यांचं वाक्य तिचं होतं.

तिथून ती थेट बहिणीकडे आली, आम्ही चौघींनी मोंदेला उचललं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या परत चालू केल्या, सुया दिल्या, पण क्षयाने दोन्ही फुप्फुसं धरली होती. नासिलेले तिच्या उशाशी बसून राहिली. मोंदे शुद्धीवर असली की एकच विचारायची, संदेष्टा निघाला का? वाटेत आहे का? आणि नासिलेले तिला खोटं सांगायची, निघालाय म्हणून. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं इकडून तिकडे केलेल्या बाईने स्वतःचं म्हणून सांगितलेलं ते बहुधा पहिलंच.

एका दुपारी तिला राहवलं नाही. ती बहिणीला म्हणाली, "मोंदे, तो येणार नाही. त्याचं ऐकायला नको होतं आपण."

मोंदेने मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाली, "त्याचं कुठे ऐकलं मी, अक्का? मला इंग्रजी कुठे येतं? मी तुझं ऐकलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. जे झालं ते सांगितलं, इतकंच. त्याच आठवड्यात ती गेली.

अंत्यविधीला संदेष्टा आला नाही. न्दाते लुबिंदा आले, वाळूत काठी टेकत टेकत. आम्ही देवळातल्या बायका गायलो. मोंदेची मुलगी सेपिसो तोवर वयात आलेली होती. तिने आईच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं, आणि नासिलेलेने तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तो झटकून ती म्हणाली, "तुझ्या तोंडातून निघालेल्या शब्दाने आई गेली. मला तुझा एक शब्दसुद्धा नको." आणि ती बापाच्या माणसांकडे मैदानातल्या गावी निघून गेली.

आजारी पडणारी मोंदे एकटी नव्हती. दवाखान्यातल्या नर्सबाई चौकशा करू लागल्या, रेडिओवर कुजबूज झाली. तेव्हा संदेष्ट्याने नासिलेलेला निरोप धाडला: रविवारी मी या विषयावर बोलणार आहे, तुझ्याकडून भाषांतरात चूक झाली एवढं तू मान्य कर, देव क्षमा करतो, तू माझा अहरोन आहेस तशीच राहशील. ती काहीच बोलली नाही. त्याने तो होकार धरला. एवढ्या दिवसांत तिने त्याचा एकही शब्द गाळला नव्हता, मग आता कशी गाळेल?

त्या रविवारी ती सुतकातलं फडकं डोक्याला बांधून व्यासपीठावर चढली. मी मागे उभी होते, मला वाटलं ही पुन्हा त्याच्या पायाशी गेली.

संदेष्टा इंग्रजीत म्हणाला, काही लोकांनी औषधं सोडली असं माझ्या कानावर आलं. देवाने किंवा मी असं कधीच सांगितलं नाही. आपल्या दुभाषी बाई थकलेल्या आहेत, दुःखात आहेत, त्यांच्याकडून अर्थ चुकला.

नासिलेलेने ते लोझीत सांगितलं. शब्दाला शब्द. 'आपल्या दुभाषी बाई थकलेल्या आहेत' हेसुद्धा, त्याच्याच सुरात, त्याच्यासारखाच हात हृदयावर ठेवून. मग ती माईक तोंडापासून न हलवता म्हणाली, "इथवर त्याचे शब्द. आता माझे."



"तो टोपली घेऊन आला आणि म्हणाला, गोळ्या टाका. इंग्रजी समजणारे इथे बरेच बसलेत, त्यांनी आपापल्या मनाला विचारावं. दोन होड्यांची गोष्ट मात्र त्याची नव्हती, ती मी घातली. तुम्हाला पटावं म्हणून घातली. मी म्हणायचे की मी नुसतं दार आहे. पण दाराला कडी असते, आणि ती माझ्या हातात होती. माझी बहीण मी पुरली. तुमच्यातल्या ज्यांनी औषधं टाकली त्यांनी आज, आत्ता, दवाखान्यात जा. माझा आवाज गोड आहे म्हणून माझं ऐकू नका. जाऊन नर्सला विचारा."

भोंगे बंद झाले. कुणीतरी तार काढली होती. ती कोर्टातल्या आवाजात तशीच बोलत राहिली, आणि जेव्हा संदेष्ट्याच्या माणसांनी गाणाऱ्यांना उठवून ढोल वाजवायला लावले तेव्हा तिचं बोलणं ऐकू येईनासं झालं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, बहिणीच्या मरणाने हिचं डोकं फिरलंय. दुसरी म्हणाली, हिनेच बहिणीला खाल्लं. नासिलेले खाली उतरली. लोकांनी तिला वाट करून दिली, पण ती मानाची वाट नव्हती, अंगाला अंग लागू नये म्हणून सरकलेली माणसं होती ती. आम्ही दहाबारा जणी तिच्या मागून बाहेर पडलो. बाकीचा तंबू गात राहिला.

तुम्हाला वाटेल, संदेष्ट्याचं काही झालं असेल. काही झालं नाही. नासिलेले आपल्या जुन्या कोर्टाच्या कचेरीतही जाऊन आली. तिथल्या साहेबाने तिचं सगळं आदराने ऐकून घेतलं आणि विचारलं, लोकांनी आपल्या हाताने टाकल्या, मी गुन्हा कोणता लिहू? संदेष्ट्याला दुसरा दुभाषी मिळाला. पुढचा पूर येईपर्यंत तो राहिला, मग मोठ्या पटांगणाच्या दुसऱ्या शहरात गेला. मध्यंतरी कुणीतरी त्याचा आवाज रेडिओवर ऐकला म्हणे.

नासिलेलेने मग ते शब्द परत घ्यायला घरं पालथी घातली. टोपलीत कुणी कुणी काय टाकलं हे तिला पाठ होतं, प्रत्येकाचा चेहरा तिने वरून पाहिला होता. कधी मी सोबत जायचे. काही ठिकाणी पाणी मिळालं, काही ठिकाणी कुत्रं सोडलं. साखरेचं दुखणं असलेली नोसिकू पाय सडेपर्यंत हटून बसली होती. तिच्या नवऱ्याने आम्हाला अंगणातूनच हाकललं. "आधी म्हणालीस टाका, आता म्हणतेस घ्या. तुझ्या जिभेला हाड आहे का?" नासिलेलेने मान खाली घालून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथे गेली. नोसिकू शेवटी दवाखान्यात पोहोचली, एक पाय गमावून. म्हातारे न्दाते सिमासिकू मात्र आम्हाला बघून हसत सुटले. त्यांनी टोपलीत गोळ्या टाकल्या त्या टाकल्या आणि त्याच दुपारी दवाखान्यातून नव्या आणल्या होत्या. म्हणाले, "म्हटलं देवाचाही मान राहू दे आणि डॉक्टरचाही." त्या साऱ्या वणवणीत नासिलेलेला हसताना मी तेवढंच पाहिलं, आणि हसता हसता ती त्यांच्या उंबऱ्यावर बसून रडली. मोंदेला एवढी लबाडी का नाही सुचली, म्हणाली.

जुन्या देवळात ती परत आली ती सगळ्यात मागच्या बाकावर. न्दाते लुबिंदांनी तिला एका अक्षराने डिवचलं नाही. बायकांच्या वर्गात बोल म्हणून तिला बरेचदा विनवलं, ती उठली नाही. परदेशी पाहुणे आले तरी तिने पुन्हा कधी भाषांतर केलं नाही. बाजारात कुणी विचारलं की अमका उपदेशक खरा की खोटा, तर म्हणायची, मला विचारू नका, मी एकाच्या हातभर अंतरावर उभी होते आणि मला ओळखता आला नाही.

अशी बरीच वर्षं गेली. दर वर्षी पाणी चढलं की ती होडीने सेपिसोच्या गावी जायची. सेपिसोचं लग्न झालं, मुलगा झाला. ती मावशीला पाणी द्यायची आणि आत निघून जायची. नासिलेले पाणी प्यायची, थोडा वेळ बाहेर बसायची आणि परत यायची.

गेल्या वर्षी सेपिसो आपणहून आली. मुलाला पाठीशी बांधून आली होती, त्याला आकडी येते. बंदरावर पुन्हा एका नव्या उपदेशकाचे भोंगे लागले होते आणि गावातल्या बायकांनी तिला सांगितलं होतं की त्याच्या हाताने आकडी जाते. मी अंगणात होते. सेपिसो बसली नाही, उभ्याउभ्याच म्हणाली, "तुला माफ केलंय म्हणून आले नाही मी."

"माहीत आहे," नासिलेले म्हणाली.

"पण असल्या लोकांना तू आतून पाहिलंयस. तूच सांग, याला कसं ओळखू?"

मला वाटलं, आता ही नेहमीचं उत्तर देईल. पण ती म्हणाली, "बोलण्यावरून ओळखायला जाऊ नकोस, मी तिथेच फसले. त्याला जाऊन सांग की मुलाची गोळी चालू ठेवणार आहे, आणि तो रागावतो का बघ. विचारलेलं त्याला चालतं का बघ. आणि बरं वाटलं नाही तर तो तुझ्या घरी येऊन बसेल का, हे त्याच्या माणसांना नको, आजाऱ्यांच्या घरच्यांना विचार. मी हे काहीच केलं नाही. जेवायला वाढत राहिले."

"आणि तू येशील माझ्याबरोबर?"

"येईन. पण आधी याला गोळी दे."

सेपिसोने कमरेच्या फडक्याच्या गाठीतून गोळी काढली. त्या दोघी पटांगणाकडे गेल्या. तिथे काय झालं ते दोघींनीही मला सांगितलं नाही, पण तासाभरात त्या परत आल्या आणि थेट विटांच्या देवळाकडे वळल्या. न्दाते लुबिंदांना आता फारसं दिसत नाही. त्यांनी चाचपून मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, लहानशी प्रार्थना केली आणि पुन्हा कधी दवाखान्यात दाखवायचंय ते सेपिसोला विचारून घेतलं.

दुपारी सेपिसो निघाली. मावशीच्या गळ्यात पडली नाही, तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. फक्त मुलाला खाली उतरवून म्हणाली, "आजीला नमस्कार कर."

आमच्याकडे थोरांना गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार करतात. पोर वाळूत बसलं आणि त्याने इवल्या हातांनी वेड्यावाकड्या टाळ्या वाजवल्या. नासिलेले त्याच्यासमोर बसली, आणि तिनेही हळूहळू टाळ्या वाजवल्या.